रिकामी घागर

काकीच्या पत्र्याच्या पेटीला आतून पाच बायका चिकटवलेल्या होत्या.

पेटी लग्नात आलेली. बाहेरून हिरवी, वर रंगवलेले गुलाब. झाकण उघडलं की आतल्या बाजूला पोस्टकार्डाएवढी पाच कार्डं, सिनेमातल्या नट्यांची. घरात डिंक कुठला, शितं चोळून चिकटवलेली. एका कार्डाच्या कडेला ती शितं वाळून खड्यासारखी झाली होती, बोटाला टोचायची. पेटीत काकीची दोन चांगली लुगडी, चांदीच्या वाळ्या, रेशनकार्ड आणि डांबराच्या गोळ्या. आजही कुठे जुन्या नट्यांची कार्डं काचेखाली मांडलेली दिसली की मला आधी डांबरगोळीचा वास येतो, मग चित्र दिसतं. तेव्हा पुढे जे लिहितोय ते कलेच्या जाणकाराचं मत म्हणून कुणी घेऊ नये. मला या चित्रांकडे बघायला काकीनं शिकवलं, आणि काकीला अक्षर वाचता येत नव्हतं.

आंबिवली म्हणजे कल्याणहून कसाऱ्याकडे जाताना शहाडच्या पुढचं, टिटवाळ्याच्या अलीकडचं स्टेशन. एका अंगाला उल्हास, दुसऱ्या अंगाला काळू, आणि मधे तेव्हा भातच भात. मोहोन्याला नॅशनल रेयॉनचा कारखाना होता. काका तिथे पाळीवर जायचा आणि पाळी सुटली की शेतावर. रेयॉन म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून काढलेलं नकली रेशीम. या नकली रेशमावर आमच्याकडच्या कितीतरी चुली पेटत होत्या, त्यामुळे नकली म्हटलं की नाक मुरडायची सवय आम्हाला कधी लागली नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण ही कार्डं नकली आहेत हे सिद्ध करायला मी बसलेलो नाही. ते शेंबड्या पोरालाही दिसत होतं.

कार्डं काकानं म्हशाच्या जत्रेतून आणली. मुरबाड तालुक्यातलं म्हसा. पौष पौर्णिमेला तिथे मोठा बैलबाजार भरतो, घोंगड्या मिळतात, पाळणे येतात. काका बैल बघायला गेला होता. बैल जमला नाही, कार्डं घेऊन आला. घरात त्यावरून बरीच वर्षं थट्टा चालली.

पाच कार्डं सांगतो. पहिल्यात विहिरीच्या काठावर बाई, कमरेवर घागर. दुसऱ्यात बाई पेंढ्याच्या उडवीला टेकून पाय लांब करून बसलेली. तिसऱ्यात वासराच्या गळ्यात हात. चौथ्यात झाडाची फांदी धरून उभी, फांदीला फुलं अशी की कुठल्या झाडाची ते सांगता येऊ नये. पाचव्यात हातात विळा, मागे पीक. मूळ फोटो काळेपांढरे, रंग नंतर चढवलेले. त्यामुळे गालावरची गुलाबी गालाची रेघ ओलांडून कानाकडे गेलेली, ओठांचा लाल हनुवटीकडे सरकलेला. गवत मात्र सगळ्यांत एकच, पोपटी. विहिरीचे दगड पुठ्ठ्याचे. एका कार्डावर ‘मधुमती’मधली वैजयंतीमाला होती, पहाडी मुलीच्या वेशात, गळ्यात माळाच माळा. बाकीच्यांची नावं घरात कुणालाच ठाऊक नव्हती. काकी त्यांना ‘विहिरवाली’, ‘उडवीवाली’ असंच म्हणायची.

मी दहा-अकरा वर्षांचा असेन. पावसाचे दिवस होते, काकी पेटीतून काही काढत होती आणि मी झाकणाकडे बघत बसलो होतो. ‘काकी, ही कुठच्या गावची?’ म्हणून मी विहिरवालीवर बोट ठेवलं. काकीनं मान वळवून एकदा बघितलं.

‘गावची नाय रं ती. यीची घागर रिकामी हाय.’

‘तुला काय माहीत?’

‘भरलेली आसती तं कंबर आशी ऱ्हायली आसती का? आन् मान बघ. भरली घागर घेऊन कोन आसं हसतं?’

मग विळेवालीकडे हात करून म्हणाली, ‘यीनं तं विळा उलटा धरलाय. पयला सोताचंच बोट कापंल.’ आणि पेटी बंद करून गेली.

पुढे मी कल्याणला कॉलेजात गेलो, चित्रांवरची, सिनेमावरची जाडी पुस्तकं वाचली. पण या प्रकारच्या चित्राबद्दल याहून नेमकं मला कुठे सापडलं नाही. भरली घागर शरीराला वाकवते. एक खांदा चढतो, दुसरा हात आपोआप बाहेर जातो, पावलं जवळजवळ पडतात. चित्रातली घागर वजनाची नाही, दागिन्यासारखी आहे. नथ जशी चेहरा दाखवायला, तशी घागर कंबर दाखवायला. उडवी टेकायला. वासरू हात कुठे ठेवावेत हा प्रश्न सोडवायला. गावातली एकेक वस्तू घ्यायची, तिच्यातलं काम काढून टाकायचं आणि नटीच्या हातात द्यायची. कार्डाची सगळी हिकमत एवढीच.

ही हिकमत सिनेमावाल्यांनी शोधली नाही. फ्रान्सच्या राणीनं व्हर्सायच्या बागेत १७८३च्या सुमाराला आपल्यासाठी एक लुटुपुटीचं खेडं बांधून घेतलं, तिथे ती साध्या वेशात वावरायची. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात नाटकातल्या नट्यांची फोटोकार्डं घरोघरी जमवली जात. लिली एल्सीसारख्या नट्यांच्या अशा कार्डांचे आल्बमच्या आल्बम लोक भरत. त्यांतही गवताच्या टोप्या आणि फुलांच्या परड्या आहेतच. स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढे उभं राहायचं आणि रानात आहोत असं मानायचं.

आपल्याकडे हा माल लोकांच्या भिंतीपर्यंत पोचला तो रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथून निघालेल्या चित्रांत देव होते तशा शकुंतला, दमयंतीही होत्या. पायातला काटा काढायला थांबलेली शकुंतला सगळ्यांनी बघितलेली असते. काटा नाहीच हे तिला माहीत आहे, सख्यांना माहीत आहे, बघणाऱ्याला माहीत आहे. मागे वळून दुष्यंताला बघायचं तर निमित्त हवं. चित्र गोड आहे, मला आवडतं. पण आमच्याकडे काटा निघायचा तो दिव्याच्या उजेडात, सुईनं, आणि ज्याच्या पायात असेल तो शिव्या घालायचा. चित्रात रान आहे, ऋषिकन्या आहे, अनवाणी पाय आहे, नाही तो फक्त काटा. काकीची रिकामी घागर आणि शकुंतलेचा नसलेला काटा ही एकाच घरातली भावंडं आहेत.

मराठी रंगभूमीनं यात आणखी एक गंमत केली. खाडिलकरांचं ‘मानापमान’ १९११चं. त्यात श्रीमंताघरची भामिनी गरीब म्हणून नाकारलेल्या धैर्यधरासमोर वनमाला होऊन, साध्या वेशात जाते. भामिनी करायचे बालगंधर्व. म्हणजे पुरुषानं बाई व्हायचं, त्या बाईनं श्रीमंत व्हायचं आणि त्या श्रीमंतिणीनं पुन्हा साधी पोर व्हायचं. बालगंधर्वांचे स्त्रीवेशातले फोटो लोकांनी जपले, घरंदाज बायकांनी त्यांच्या नेसण्याची नक्कल केली. जी साधी बाई बघून सगळे भुलत होते ती कुठल्याच गावात नव्हती, आणि त्यानं कुणाचं काही अडलंही नाही.

इथे शहरातला अभ्यासू वाचक म्हणेल, हे सगळं पुरुषांच्या नजरेसाठी होतं. बरोबर आहे, पण अर्धंच. कार्डं काकानं आणली हे खरं. ती पेटीच्या झाकणाला आतून चिकटवली काकीनं. काकाला ती दिसायचीसुद्धा नाहीत. बायकोची पेटी कोण उघडतो? ती कार्डं बघणारं माणूस एकच होतं, आणि ते माणूस घागर रिकामी आहे हे पुरतं ओळखून होतं. मग ठेवली कशाला?

याचं उत्तर मला फार उशिरा सुचलं, तेही आवणीच्या दिवसांत. आमच्याकडे उन्हाळ्यात राब भाजायचा, पाऊस लागला की रोप टाकायचं, आणि आषाढात रोप उपटून मुठी बांधून चिखलात लावायचं. बायका सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कमरेत वाकलेल्या. डोक्यावर पानांचं इरलं, पाठीवर पावसाचा मारा, लुगडं गुडघ्याच्या वर खोचलेलं. बोटांच्या बेचक्यात चिखल्या होऊन कातडी पांढरी पडून सुटायची. रात्री काकी पाय चुलीशी धरून बसायची. आता या बाईसमोर उडवीला टेकून पाय लांब केलेली बाई ठेवा. शहरवाल्याला त्या कार्डात गाव दिसतं. काकीला त्यात काय दिसत असेल? ऊन आहे, दिवस आहे, उडवी रचलेली आहे, म्हणजे झोडणी उरकली, आणि बाई बसली आहे. तिला कुणी हाक मारत नाही. कार्डातला मोह त्या नटीच्या अंगाचा नसावा, तिच्या बसण्याचा असावा. गावात बसलेली बाई दिसायची ती बाळंतीण, आजारी, नाहीतर म्हातारी. तरणीताठी, धडधाकट, काही न करता बसलेली बाई बघायला कार्डच लागायचं.

हे सुचल्यावर मला आपली गवळण आठवली. गवळण म्हणजे आपल्या रानातल्या बाईचं सगळ्यांत जुनं, सगळ्यांत लाडकं चित्र. संतांनी लिहिलं, तमाशानं नाचवलं. पण त्यातल्या गवळणी बसलेल्या नसतात. दूधदही घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेल्या असतात, उशीर झालेला असतो आणि कृष्ण वाट अडवतो. गंमत त्या अडवण्यात आहे, कारण डोक्यावरचा माठ भरलेला आहे! फुटला तर दिवसाची कमाई गेली. तमाशातली मावशी भाव करते, कुरकुर करते, सोडा म्हणून विनवते. म्हणजे आपली परंपरा गवळणीला बाजार आणि कमाई देऊन वर शृंगारही देत होती. कार्डानं बाजार काढून टाकला आणि नुसता शृंगार ठेवला. मला वाटतं इथे कार्ड गवळणीपेक्षा गरीब पडतं.

चित्रकार धुरंधरांनी मुंबईतल्या नाना जातींच्या, नाना धंद्यांच्या लोकांची चित्रं काढली, त्यांची पोस्टकार्डंही निघाली. त्यांतली माणसं काहीतरी करायला निघालेली वाटतात. शहरातल्या गर्दीकडे बघणारा हा चित्रकार हातातल्या ओझ्याला विसरला नाही, आणि रान रंगवणारे मात्र विसरले. असं का झालं असावं? रान ज्यांना रोज बघायला लागत नव्हतं त्यांनी ते रंगवलं, एवढंच कारण मला पटतं.

सिनेमाचं तसं सरसकट म्हणता येत नाही. १९३६च्या ‘अछूत कन्या’त देविका राणी गावातली दलित मुलगी होते आणि भुवया बारीक कोरलेल्या. पण १९५७च्या ‘मदर इंडिया’त नर्गिस नांगर ओढते, खांद्यावर नांगर घेतलेलं तिचं चित्र भिंतीभिंतीवर लागलं. ज्या बिमल रॉयनी १९५३ साली ‘दो बिघा जमीन’ काढला त्यांनीच १९५८ साली ‘मधुमती’. पहिल्यातला शेतकरी जमीन वाचवायला कलकत्त्यात रिक्षा ओढतो. काकीच्या पेटीत पोचली ती दुसऱ्यातली पहाडी मुलगी. जत्रेतल्या कार्डवाल्याला काय खपतं ते कळत होतं. आपल्याकडे भालजींच्या ‘साधी माणसं’त, १९६५ साली, जयश्री गडकर लोहाराची बायको झाली. भट्टीपाशी ती ज्या तऱ्हेनं वावरते त्यात काम आहे आणि देखणेपणही आहे, एकानं दुसऱ्याला खाल्लेलं नाही. १९७७च्या ‘जैत रे जैत’मधल्या स्मिता पाटीलच्या ठाकरणीबद्दलही मी हेच म्हणेन. आमच्याकडे टिटवाळ्याच्या पलीकडून ठाकर बाया मोळ्या विकायला यायच्या, त्यांची चाल मला पाठ होती. पडद्यावर ती चाल दिसली तेव्हा थिएटरात मी मागच्या बाईच्या अंगावर जवळजवळ ओरडलोच. म्हणजे करणाऱ्याला जमतं. मोह दाखवायचा तर घागर रिकामीच करायला लागते असं काही नाही.

पण एवढं म्हणून मी काकीचा प्रश्न सोडवला असं मला वाटलं होतं, ते काही खरं नव्हतं.

काकीचा फोटो एकच होता. तोही म्हशाच्या जत्रेतला, नंतरच्या एका वर्षी ती स्वतः गेली तेव्हाचा. तिथे राहुटीत फोटोवाले बसायचे, मागे रंगवलेले पडदे. एका पडद्यावर झाडं, तळं, हरणं; दुसऱ्यावर बंगल्याचा जिना आणि फुलदाणी. काकीनं जिना निवडला. खुर्ची मागून घेतली आणि बसली. हात पदराखाली घेतले, कारण नखं चिखलानं काळी पडली होती ती फोटोत येऊ नयेत. म्हणजे बघा, शहरातली नटी गावाच्या पडद्यापुढे आणि गावची बाई बंगल्याच्या पडद्यापुढे, आणि बसणं तेच, उडवीवालीचं. लहानपणी तो फोटो बघून मी हसायचो. २६ जुलै २००५च्या पुरात उल्हासचं पाणी घरात शिरलं तेव्हा भिंतीवरच्या सगळ्या फोटोंचा लगदा झाला, त्यात तोही गेला. पेटी माळ्यावर होती, ती वाचली. पाचही बायका कोरड्या राहिल्या.

काकी गेली तेव्हा भिंतीला लावायला फोटो नव्हता. आधार कार्डावरचा होता, त्यात ती चोरासारखी दिसत होती. चुलतबहीण तो घेऊन एका स्टुडिओत गेली. पोरानं कंप्युटरवर चेहरा उचलला, सुरकुत्या थोड्या पुसल्या, कपाळावर कुंकू ठेवलं आणि विचारलं, ‘मागे काय टाकू?’ दहा-बारा देखावे दाखवले. बहिणीनं हिरवं भातशेत निवडलं. फोटो घरी आला तेव्हा मी बघतच राहिलो. मागे पोपटी शेत, त्यामागे कुठल्या तरी परक्या मुलखातले डोंगर, आणि पुढे काकी, गालावर गुलाबी. हुबेहूब कार्ड.

मी चिडलो. आयुष्यभर ज्या बाईनं चिखलात ढोपरं घासली तिच्यामागे हे खोटं शेत कशाला, साधा निळा पडदा ठेवायचा होता, असं बरंच बोललो. रिकाम्या घागरीची गोष्टही ऐकवली. मला वाटलं होतं काकीचेच शब्द आहेत म्हटल्यावर ती गप्प बसेल.

बहीण शांतपणे म्हणाली, ‘दादा, आय वाकलेली किती वर्सां बघितली रं तू? सुट्टीत यायचास, बघायचास, जायचास. मी तिच्या बाजूला वाकलेली व्हते. आता शेताच्या म्होरं जरा ताठ उभी ऱ्हाऊ दे तिला. कोरडी.’

मला उत्तर सुचलं नाही, अजून नाही. समीक्षक म्हणून माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. चित्र खोटं आहे, डोंगर परके आहेत, हात तर फ्रेममध्ये नाहीतच. पण ते चित्र त्या घरात दिवा लावून बघितलं जातं, आणि बघणाऱ्यांना शेत म्हणजे काय ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. आमची जमीन आता उरलेली नाही. स्टेशनच्या रस्त्यावर नव्या इमारतींचे फलक लागतात, त्यांवरही हिरवळ असते, पाणी असतं, कधी डोक्यावर घागर घेतलेली बाई असते. त्या फलकांवर मला राग काढता येतो. काकीच्या फोटोवर येत नाही.

तेराव्यानंतर पेटी उघडली तेव्हा तळाच्या वर्तमानपत्राखाली सहावं कार्ड निघालं, कधीच न चिकटवलेलं. वेगळीच नटी, बांधावर उभी, हातात फुलं. पाठीमागे पत्त्याच्या रेघा, आणि त्यांच्यावर काकाच्या हातची पेन्सिल. आवणीचा हिशोब. कोण्या बायांची नावं नाहीत, दिवसांखाली नुसत्या उभ्या रेघा आणि पायलीतली मजुरी. एका रेघेपुढे गोल, म्हणजे घरची बाई, तिला काही द्यायचं नाही. गोल काकीचा असणार.

ते कार्ड मी बहिणीकडे मागितलं. तिनं पुढची बाजू बघितली, मागची बघितली, आणि पुन्हा पेटीत ठेवलं.